भरपगारी येळवस

आमच्या कंपनीला एकाएकी पुण्य करावंसं वाटू लागलं, त्याला कारण आमचे मोठे साहेब. ते अमेरिकेला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की यापुढे प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षातले चार दिवस समाजासाठी द्यायचे. ते दिवस कामाचेच धरले जातील, पगार कापला जाणार नाही. पिंपरीची आमची कंपनी पूर्वी नुसते पंप करायची. आता काचेची इमारत झाली, संगणकावर काम करणारी तरतरीत मुलं आली. मी मात्र पंपांच्या काळापासून पगार विभागात बसलेली बाई. कुणाची रजा कशी नाकारायची हे मला शिकवायला नको. पण कामाच्या वेळात, भरपगारी, दुसऱ्याचं भलं करायला जायचं, हे मला काही केल्या पचेना. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "इतकी वर्षं माझं भलं करते आहेस, त्याचा मागचा पगार मागून घे."

आमच्या तुकडीचा म्होरक्या नचिकेत. वय अठ्ठावीस, उत्साह इतका की पाहणाऱ्याला दम लागावा. त्याच्याबरोबर आणखी चार मुलं, आणि सोबतीला मी, कारण गावात जायचं तर एखादी पोक्त बाई हवी असं साहेबांना वाटलं. ऑफिसात सगळे मला काकू म्हणतात. नचिकेतने सगळ्यांसाठी पोपटी टी-शर्ट शिवून आणले होते, पाठीवर इंग्रजीत काहीतरी थोर लिहिलेले. माझ्या मापाचा नव्हताच. तो मी साडीवर खांद्यावरून शालीसारखा घेतला.

गाव निवडलं होतं ते बीदर जिल्ह्यातलं, हुलसूरपासून थोडं आत, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून. आमच्या गेटवरचा वॉचमन तिकडचा, त्याने नचिकेतला सांगितलं होतं. गाव कसलं, धनगरांची वाडीच ती, चिंचवाडी नावाची. तिथे मराठी शाळा सातवीपर्यंत होती. आठवीचा वर्ग मिळण्यासारखा होता, पण त्यासाठी वेगळी, फरशी घातलेली, रंगवलेली खोली हवी होती. चार भिंती आणि पत्रा तयार होता, खाली नुसता मुरूम. शनिवारी शिक्षण खात्याचे साहेब पाहायला येणार होते. म्हणजे गुरुवार आणि शुक्रवार एवढ्यात आम्ही फरशी आणि रंग उरकायचा, असा बेत ठरला. फरशीचे पैसे कंपनीचे, घाम आमचा.

गाणगापूर

फरशी शहाबादची, ती गुलबर्ग्याहून ट्रकमध्ये भरायची होती, म्हणून आम्ही रेल्वेने त्या बाजूने गेलो. आणि त्या बाजूने गेलो म्हणून गाणगापूर. नचिकेतच्या आईने बजावून सांगितलं होतं, की दत्ताच्या दारी जाऊन पाच घरी माधुकरी मागितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तिथे अशी श्रद्धा आहे की दुपारी महाराज स्वतः भिक्षेला फिरतात, कोणत्या रूपात ते कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे मागायला आलेल्या कुणालाही नाही म्हणत नाहीत. आमचा नचिकेत, ज्याचा पगार मी दर महिन्याला डोळे विस्फारून पाहते, तो खांद्याला झोळी अडकवून एका पुजाऱ्याच्या दारात उभा राहिला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आतून एक म्हातारी आली. तिने अर्धी भाकरी आणि पिठलं झोळीत घातलं आणि विचारलं, कुठला, काय करतोस, लग्न झालं का. लग्न नाही म्हटल्यावर तिने आणखी एक भाकरी घातली. पलीकडच्या गल्लीत एक सोलापूरकडचे व्यापारी पातेलं भरून खिचडी वाटत होते आणि वाटून झाल्यावर स्वतःच झोळी घेऊन निघाले. आमच्याकडे देणारा आणि घेणारा लांबून ओळखू येतो. इथे मला शेवटपर्यंत कळलं नाही कोण कुठला ते. नचिकेतची पाच घरांची भिक्षा आम्ही सहा जणांत वाटून खाल्ली, आणि पोट भरलं हे विशेष.

दुबलगुंडीचा फाटा

गुलबर्ग्याला फरशीचा ट्रक भरला, पुढे पाठवला आणि मागून आम्ही जीपने निघालो. काळी जमीन, तुरीची शेतं, मधूनच करडईचे काटेरी पट्टे. हुमनाबाद तालुक्यात, दुबलगुंडीच्या फाट्याजवळ, जीपचं चाक पंक्चर झालं. दुसरं चाक काढलं तर त्यातही हवा नव्हती. ड्रायव्हर चाक घेऊन गेला आणि आम्ही बांधावर बसलो.

शेतातल्या एका बाईने आम्हाला पाहिलं, हरभऱ्याचे डहाळे उपटले आणि कवळाभर आमच्यापुढे आणून टाकले. कोवळा, खारट हरभरा. आमची मुलं तो सोलायला शिकेपर्यंत अर्धा मी संपवला. निघताना नचिकेतने पाकीट काढलं तशी ती बाई मागे सरली.

"पैसं कामून देताव? रानातलं हाय," ती म्हणाली.

पुण्यात मंडईत हाच हरभरा पेंडीच्या हिशेबाने घेते आणि वर दोन काड्या जास्त टाक म्हणून भांडते, हे मला आठवलं आणि जरा हसू आलं. मुक्कामाला हुलसूरला पोचलो तेव्हा अंधारलं होतं.

चिंचवाडी

गुरुवारी सकाळी आम्ही पोपटी टी-शर्ट चढवून, रंगाचे डबे आणि रोलर घेऊन वाडीत दाखल झालो. फरशी शाळेपुढे उतरलेली होती. आणि वाडीत माणूस नव्हता.

म्हणजे अक्षरशः नव्हता. घरांना नुसत्या कड्या घातलेल्या. गोठ्यात बैल नाहीत, पारावर म्हातारे नाहीत. एका कुत्र्याने आमच्याकडे पाहिलं, भुंकण्याइतकं काही नाही असं ठरवलं आणि पुन्हा मान टाकली. महबूब मिस्त्री म्हणून ज्यांना फरशीसाठी सांगितलं होतं, त्यांचाही पत्ता नाही. मोबाइलला रेंज मिळवायला त्या दिवसांत टाकीवर चढावं लागायचं. नचिकेत चढला. शाळेच्या हेडबाईंना फोन लागला नाही.

खरं तर त्याने फोनवर बाईंना विचारलं होतं, गुरुवारी शाळेला सुट्टी आहे ना? बाई म्हणाल्या होत्या, व्हय, सुट्टीच हाय, या की. हा खूश, भिंती मोकळ्या मिळणार म्हणून. सुट्टी कशाची, हे पुण्याच्या माणसाने विचारलं नाही. आणि येळवस ठाऊक नसलेला माणूस जगात असेल, हे बाईंच्या डोक्यात आलं नाही. त्या समजल्या, पुण्याची मंडळी मुद्दाम येळवशीचा दिवस साधून येताहेत. आणि तसं त्यांनी वाडीत सांगूनही टाकलं होतं.

हे सगळं आम्हाला कळलं ते बैलगाडी घेऊन आलेल्या सिद्राम अप्पांकडून. उंच, सुकलेला माणूस, डोक्याला लाल पटका, गाडीत त्यांची मुलगी रेणुका, सातवीतली, दोन वेण्या घट्ट वर बांधलेल्या. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर, बीदर, गुलबर्गा या पट्ट्यात अख्खी गावं शेतात जातात. कडब्याची खोप उभारतात, तिच्यात पाच पांडव मांडतात, पूजा करतात आणि दिवसभर तिथेच जेवतात. शेत नसलेल्याला शेतवाला बोलावतो. घरी राहतं ते फक्त कुत्रं, आणि तेही सगळ्यांचं नाही.

"चला, बसा गाडीत. आंबील वाट बघायलीय," अप्पा म्हणाले.

नचिकेत जागचा हलेना. तो कळवळून म्हणाला, आम्ही कामाच्या वेळात आहोत, कंपनी आम्हाला आजचा पगार देते, जेवायला कसे येऊ? खोलीचा एक दिवस वाया गेला तर शनिवारी साहेबांना काय दाखवणार? आम्ही रंग तरी सुरू करतो. त्याचं काही चुकत नव्हतं. पण अप्पांचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, आपण आता मोठीच चूक करणार आहोत. रागावले नव्हते ते. दारी आलेल्या पाहुण्याने ताटावरून उठावं, तसं काहीसं झालं होतं त्यांना.

"अक्का," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "येळवशीला उपाशी मानूस गावात ठिवून आमी रानात कसं जेवावं?"

पगार विभागात इतकी वर्षं काढल्याचा एक फायदा असतो, मुलं तुम्हाला घाबरतात. मी नचिकेतला सांगितलं, रोलर खाली ठेव आणि गाडीत बस. साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांग.

अप्पांच्या रानात हिरव्या ज्वारीत खोप होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, पुढे ज्वारीचे आणि बाजरीचे उकडलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, आंबट भात. आणि भज्जी. भजी नव्हे हं. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभरा, मेथी, रानात जे जे हाताला लागेल ते शिजवून वर बेसन लावलेली ती भाजी. माझ्या हातच्या उंधियोची ऑफिसात फार वाहवा होते. त्या भज्जीनंतर मी तो निमूटपणे बंद करावा असं मला वाटलं. आंबील, म्हणजे ज्वारीच्या पिठाचं आंबट ताक, मातीच्या बिंदगीतून पेल्यात ओततात. पेला रिकामा दिसला की पुन्हा ओततात. पेला उपडा घालणं त्यांना ठाऊक नाही. नचिकेतने किती प्यायली कोण जाणे. तो खोपीच्या सावलीत आडवा झाला आणि त्याच्या पाठीवरचं थोर वाक्य मातीत मळलं.

पंगतीत महबूब मिस्त्रीही होते, आरामात पाय पसरून. फरशीचं विचारलं तर म्हणाले, "अम्मा, फिकर नक्को करो. आज येळवस है, कल कर देंगे."

अप्पांच्या बायकोने, सगळे तिला नागूअक्का म्हणत होते, मला खोपीमागे नेलं आणि पोळ्या लाटता लाटता घरचं सांगितलं. अप्पांचे थोरले भाऊ बिरू अण्णा अजून मेंढरं घेऊन फिरतात. अप्पांनी ते सोडून शेती धरली, पण थोरल्यांचं बिऱ्हाड हिवाळा-उन्हाळा परमुलखात असतं. ते येळवशीपुरते वाडीला आले होते आणि शनिवारी पुन्हा निघणार होते. त्यांच्याकडे कोकरं राखायला हात कमी पडत होते, म्हणून या खेपेला रेणुका त्यांच्याबरोबर जाणार होती. सातवी अर्धवट टाकून. हुलसूरची मोठी शाळा लांब, एसटी येईल तेव्हा येते, आणि पोरीला एकटी पाठवायला अप्पा तयार नव्हते.

"आठवी हितं आली असती तर शिकली असती वो," नागूअक्का म्हणाली. "येनार येनार म्हनतेत, पन खरं कोन धरावं? आता सातवी करून तरी काय करायचं?"

पलीकडे रेणुका आमच्या मुलांना तुरीची शेंग कशी फोडायची ते दाखवत होती. सोलून देत होती आणि त्यांनी खाल्ली की हसत होती. मला त्या मुलीबद्दल एकदम इतकी माया वाटली, की त्या खोलीच्या फरशीवर मी तेव्हाच जाऊन बसले असते.

संध्याकाळी गवताचा पेटता हेंडगा घेऊन पुरुष पिकाभोवती फिरले, काहीतरी आरोळी देत, जिचा अर्थ कुणालाच मला नीट सांगता आला नाही. सगळे हसत होते आणि आम्हीही ओरडलो.

पुण्याची ड्यूटी

शुक्रवारी आम्ही उजाडताच शाळेत पोचलो, तर वाडी आमच्या आधी हजर. बाया पाणी आणत होत्या, पुरुष फरशा उचलत होते, मिस्त्रींनी दोरी धरली होती. हेडबाई, भालकीच्या एका शिक्षक घराण्यातल्या, पदर खोचून वाळू-सिमेंटचा माल कालवायला उभ्या होत्या. कालच्या गोंधळाबद्दल माफी मागत त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी म्हटलं, बाई, असा गोंधळ दरवर्षी व्हावा.

आम्ही बाह्या सरसावल्या आणि तिथेच सगळं अडलं. नचिकेतने घमेलं उचललं, ते एका म्हाताऱ्याने काढून घेतलं. त्याने फरशी धरली, ती दोघांनी काढून घेतली. लिंबाखाली एक बाज आणून टाकली आणि आम्हाला तिच्यावर बसवलं. अप्पांनी समजावलं की काल आमच्या रानात जेवला तो आमचा पाव्हणा, पाव्हण्याच्या हातात घमेलं दिलं तर लोक तोंडात शेण घालतील. नचिकेत जवळजवळ रडकुंडीला आला. आम्हाला याचाच पगार मिळतो हो, तो पुन्हा पुन्हा सांगत होता. अप्पांनी जरा विचार केला.

"मग तुमची ड्यूटी आमी करायलाव म्हना," ते म्हणाले. "पगार तुमी घ्या."

साऱ्या वाडीला ते इतकं आवडलं, की दिवसभर कुणी फरशी उचलली की ओरडायचा, पुण्याची ड्यूटी. मला स्वयंपाकात तरी घ्या म्हटलं तर माझी पहिली भाकरी पाहून नागूअक्काने प्रेमाने काटवट ओढून घेतली. शेवटी रंगाच्या रोलरवर तडजोड झाली, तीही भिंतीच्या वरच्या भागापुरती, कारण आमची मुलं उंच होती. कंपनीला पाठवायचे फोटो रेणुकाने जमवले. कुणी कुठे उभं राहायचं, कुणी घमेलं डोक्यावर घेतल्यासारखं करायचं, सगळं तिने ठरवलं. मिस्त्री तेवढा वेळ थांबले आणि फोटो झाल्यावर घमेली परत घेतली.

अप्पा सकाळी नुसत्या फरशा आणून टाकत होते. दुपारनंतर पाहिलं तर ते गुडघ्यावर बसून स्वतः बसवत होते. एक फरशी किंचित डुगडुगत होती. मिस्त्री म्हणाले, चलता है. अप्पांनी ती उचलली, खालचा माल सारखा केला, पुन्हा बसवली, हाताच्या पंज्याने चारी कोपरे दाबून पाहिले. दिवेलागणीला खोली पुरी झाली. सांधे भरलेले होते आणि मिस्त्रींनी दारात काठी आडवी टाकून बजावलं की दोन दिवस आत पाऊल टाकायचं नाही.

शनिवार

साहेब मोटरसायकलवर आले. भला माणूस दिसला, कन्नडमध्ये बोलत होता. चपला काढून आत जायला निघाला तर मिस्त्रींनी त्यालाही अडवलं. त्याने उंबऱ्यातूनच मान आत घालून पाहिलं, दारालगतच्या भिंतीवर हात फिरवला, बाईंना मुलांचं विचारलं, चहा घेतला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. जाताना तो म्हणाला, "नोडोणा."

नोडोणा म्हणजे बघू या. जगातल्या कुठल्याही सरकारी भाषेत त्याचा अर्थ काय होतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. पुढे जूनमध्ये आठवी खरंच सुरू झाली आणि बाईंनी आमच्या ऑफिसात फोन करून मला ते कळवलं. पण त्या सकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मेंढरं रस्त्यावर येऊन उभी होती.

बिरू अण्णांचं बिऱ्हाड निघालं होतं. पुढे घोडं, त्यावर भांडी, कांबळी, आणि सगळ्यांत वर रेणुकाचं लहानसं गाठोडं. रेणुका पायात नव्या चपला घालून घोड्याशेजारी उभी होती. अण्णांनी साहेबाचं नोडोणा ऐकलं होतं. ते अप्पांना म्हणाले, ऐकलास न्हवं, सरकार बघायलंय. बघू दे त्यांला, आपन निघू.

अप्पांनी एकदा वळून खोलीकडे पाहिलं. मग पुढे झाले आणि त्यांनी घोड्यावरचं गाठोडं उतरवलं.

"अण्णा, औंदा कोकरं तुमीच राखा," ते म्हणाले. "सरकार आठवी देवो, न्हाई देवो. ही फरशी म्या बसवलोय. हितं माझी पोरगी बसायची न्हाई, तर कोन बसंल?"

मी नचिकेतकडे पाहिलं. दोन दिवस आम्ही त्या खोलीसाठी धडपडलो होतो आणि वाडीने आम्हाला फरशीला हात लावू दिला नव्हता. ती खोली आम्ही बांधून दिली असती, तर आम्ही गेल्यावर ती पुणेकरांची खोली म्हणून राहिली असती. बाजेवर बसवून ठेवल्याचा मला मनापासून आनंद झाला, आणि डोळे भरून आले ते मी पोपटी टी-शर्टानेच पुसले.

अण्णा थोडे पुटपुटले, पण थोरला भाऊ तो, धाकट्याच्या डोळ्यात काय आहे ते त्याला कळलं असणार. त्याने रेणुकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मेंढरं हाकारली. आम्हाला वाटलं आता ही पोर नाचेल. ती कोकरांकडे पाहत राहिली, आणि कळप वळणाआड जायला लागला तशी हमसून हमसून रडू लागली. पाच-सहा कोकरांची नावं घेऊन रडत होती. नागूअक्का पुढे झाली, बाई पुढे झाल्या. अप्पांनी दोघींना थांबवलं. त्यांनी मुलीचा दंड धरला, तिला खोलीपाशी नेलं आणि दारातली काठी बाजूला केली.

"रडायचं तर रड बाळा," ते म्हणाले, "पन हितं बसून रड."

रेणुका आत गेली आणि मधोमध, एका फरशीवर मांडी घालून बसली. सांधे अजून ओले होते, साहेबांनाही मिस्त्रींनी आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. तिला कुणी ऊठ म्हणालं नाही.